पुराच्या गावात बेगमी कुठं आणि कशी ठेवायची?

संगमाकाठची (निपाणी तालुका)

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, कारण माझा प्रश्न "काय काय साठवायचं" एवढाच नाही.

आमचं गाव भोजच्या आसपास, वेदगंगा आणि दूधगंगा एकत्र येतात त्या पट्ट्यातलं. पावसानं जोर धरला की कारदगा-भोज, भोजवाडी-कुन्नूर, सिदनाळ-अकोळ, जत्राट-भिवशी हे पूल एकामागून एक पाण्याखाली जातात. त्याला आम्ही पूर म्हणतच नाही. लांबनं वळसा घालून निपाणी गाठायची, पूल मोकळा झाला की परत नेहमीची वाट. पण २०१९ चं आणि २०२१ चं पाणी तसं नव्हतं. वर पाटगाव, काळम्मावाडी ही धरणं भरलेली, खाली कृष्णा तुडुंब, त्यामुळं आमच्या नद्यांचं पाणी पुढं सरकेना आणि फुगवटा मागं गावात शिरला. यमगर्णीजवळ हायवेवर पाणी येऊन पुणे-बेंगळूर वाहतूक बंद पडली, तिथं आमच्या गल्लीची काय कथा.

आमच्या घरात बेगमी कधी कमी नव्हती. सासूबाई लग्न होऊन आल्या आणि लगेच बहात्तरचा दुष्काळ पडला. तो त्यांच्या मनातनं शेवटपर्यंत गेला नाही. घरात पुढच्या सुगीपर्यंतची ज्वारी नसली की त्यांना झोप लागायची नाही. चार पोत्यांची पत्र्याची कोठी, तिच्यात कडुलिंबाचा पाला घालून ज्वारी. एरंडेल चोळलेली तूरडाळ, सांडगे, कुरडया, शेवया, गुळाच्या ढेपा, वर्षाचं तिखट. डब्यांवर खडूनं "पाडवा", "आखिती" असं लिहिलेलं असायचं, म्हणजे कोणतं आधी संपवायचं ते कळायचं. तारीख त्यांनी कधी लिहिली नाही.

ऑगस्ट २०१९. रात्री दहाला तुळशीकट्ट्याला पाणी लागलं, पहाटे तीनला उंबऱ्यात आलं. दोन म्हशींची दावी सोडली, पोरांना ट्रॉलीत बसवलं आणि मी हाताला लागलं ते उचललं. काय उचललं? साड्यांचं गाठोडं आणि देव्हाऱ्यातले देव. रेशन कार्ड राहिलं. सासऱ्यांचं इन्सुलिन फ्रिजमध्ये राहिलं. पोरांचे दाखले कपाटाच्या खालच्या कप्प्यात राहिले. वर्षाचं धान्य असलेल्या घरातनं आम्ही निघालो आणि सकाळी शाळेतल्या गंजी केंद्रात (पूरग्रस्तांच्या सरकारी छावणीत) माझ्या धाकट्याच्या हातात द्यायला बिस्किटाचा पुडा नव्हता.

अकरा दिवसांनी घरी आलो. कोठीचं झाकण निघेना. आत ज्वारी भिजून फुगली होती आणि तिनं पत्रा बाहेर ढकलला होता, कोठीचं पोट आल्यासारखं दिसत होतं. मालकांनी पत्रा कापला. आतनं वाफ आली, खरंच गरम वाफ, आणि ताडीसारखा आंबूस वास. वरच्या थराला बोटभर पांढरे मोड, मधली ज्वारी काळी, हात घातला तर चटका बसेल इतकी तापलेली. सासूबाईंनी मूठभर हातात घेतली, नाकाजवळ नेली आणि म्हणाल्या, "जनावरालाबी घालू नको." पुढं तीन दिवस त्या त्या खोलीत गेल्या नाहीत.

२०२१ च्या जुलैत शहाणे झालो होतो. धान्य माळ्यावर चढवलं, ते वाचलं. पण काळजी केंद्रात (गंजी केंद्राचंच हे नवं नाव) पहिले दोन दिवस तेच हाल. पिण्याचं पाणी कमी, मोबाईल बंद, खिशात सुट्टे पैसे नाहीत. आणि त्याच्या आधी, मार्च २०२० मध्ये लॉकडाऊनमुळं कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरचा कोगनोळी नाका बंद झाला तेव्हा सासऱ्यांची कोल्हापूरच्या डॉक्टरांनी दिलेली औषधं आणायची कुठनं, हा घोर महिनाभर. सीमेवरच्या माणसाला ही एक जास्तीची अडचण असते. एसटी बंद झाली तरी आमचा दवाखाना पलीकडेच राहतो.

सासूबाई जाऊन दोन वर्षं झाली. आता घर माझ्या हातात आहे. माणसं पाच: आम्ही दोघं, दोन पोरं, सासरे. मला विचारायचंय ते असं. घर बुडणार असेल तर साठवून ठेवायचं कशात आणि कुठं? उचलून न्यायची पिशवी आणि घरातला साठा यांचा हिशेब तुम्ही कसा बसवता? इन्सुलिनचं काय करता? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगावं. नुसत्या याद्या मोबाईलवर खूप येतात, त्यात आमच्यासारखं घर कुठं दिसत नाही.

—

कणकुंबीकडचा (खानापूर तालुका)

वैनी, तुमची ज्वारी वाचताना पोटात तुटलं.

आमची अडचण तुमच्या उलटी. आमच्यात घर सोडून कोणी जात नाही, पण आमच्यापर्यंत कोणी येतही नाही. मलप्रभा आमच्या कणकुंबीतच उगवते, आणि जांबोटी-कणकुंबी पट्ट्यातला पाऊस तुम्हाला ठाऊक असेल. झाड पडलं की लाईट दोन दिवस, चार दिवस नाही. आत जंगलातल्या वाड्यांना ओढा भरला की रस्ताच नाही. म्हणून आमच्याकडं मिरगाच्या आधी घर भरायची रीतच आहे. भात, नाचणा, कुळीथ, आमसुलं, सुकी मासळी, मीठ. आणि लाकडं. लाकडं कोरडी नसली तर बाकी सगळं असून उपयोग नाही. आम्ही पडवीत आढ्याला लागेपर्यंत रचतो, खालचा थर दगडांवर, म्हणजे ओल चढत नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडं. माझी बहीण दिली आहे तुमच्याच बाजूला, नदीकाठी. २०१९ नंतर तिच्या घरासाठी आम्ही बसून विचार केला आणि एक गोष्ट ठरवली: सगळी बेगमी एका छपराखाली ठेवायची नाही. तिचं निम्मं धान्य दरवर्षी जूनच्या आधी उंचावरच्या पाहुण्यांकडं जातं. तिच्या घरात फक्त पावसाळ्यापुरतं. दिवाळीनंतर ते धान्य परत येतं किंवा त्या पाहुण्यांनी खाल्लं तर नवं मिळतं. तुमचं माहेर किंवा नणंदेचं घर उंचावर असेल तर तेच तुमचं खरं कोठार समजा. यात लाजायचं काही नाही. आमची आजी सांगायची, साथीच्या काळात गाव सोडून माळावर राहायला जायचे तेव्हा धान्य असंच वाटून ठेवायचे.

घरात जे ठेवाल ते पत्र्याच्या कोठीत नको. रबरी वायसर आणि लोखंडी रिंगचं झाकण असलेले निळे प्लास्टिक ड्रम मिळतात, ते घ्या. पण खाण्याच्या वस्तूंचेच, औषधाचे किंवा केमिकलचे धुऊन विकतात ते अजिबात घेऊ नका. आणि हे ध्यानात ठेवा: धान्यानं भरलेला बंद ड्रमसुद्धा पाण्यात तरंगतो. बहिणीचा एक ड्रम तरंगत जाऊन दारात आडवा अडकला आणि दारच उघडेना. तेव्हापासून आम्ही प्रत्येक ड्रमला दोर घालून तो तुळईला बांधतो. सैल बांधायचा, वर उचलला जाईल इतका, पण खोलीबाहेर जाणार नाही इतका.

गॅसच्या सिलिंडरचंही तसंच. तोही तरंगतो. निघताना रेग्युलेटर काढून टोपी घाला, सिलिंडर खिडकीच्या गजाला साखळीनं बांधा, आणि लाईटचा मेन खाली पाडा. पाणी फरशीवर आल्यावर मग मेनला हात लावायला जाऊ नका.

जनावरांचं तुम्ही केलंत तेच बरोबर. दाव्याच्या गाठी भिजल्या की सुटत नाहीत, म्हणून गोठ्यात एक कोयता खुंटीला टांगून ठेवा. त्या कोयत्याला दुसरं कुठलंही काम सांगायचं नाही.

—

निवृत्त सिस्टर (चिकोडी)

ताई, मी ३१ वर्षं सरकारी नोकरीत परिचारिका होते. २०१९ मध्ये निवृत्त झाले होते, तरी बोलावणं आलं म्हणून केंद्रात आठ दिवस काम केलं. तिथं काय कमी पडलं तेवढंच सांगते.

पहिलं पाणी. पूर आला की चहूकडं पाणी आणि प्यायला नाही. पिणं आणि स्वयंपाक धरून माणशी रोज ४ लिटर समजा. तुम्ही पाच जण, तीन दिवस, म्हणजे ६० लिटर. २० लिटरचे तीन जार झाले. पावसाचा जोर वाढला, धरणातनं पाणी सोडल्याची बातमी आली की त्या दिवशी भरायचे. नळ बंद झाल्यावर भरायचे म्हणून चालत नाही. जार माळ्यावर ठेवा. घर सोडायचं झालं तर एकच बरोबर घ्या, बाकीचे घरी परतल्यावर लागतातच, कारण विहीर आणि बोअर तेव्हा खराब झालेली असते. बुडालेल्या बोअरचं पाणी पंचायतीनं औषध टाकून, तपासून सांगितल्याशिवाय प्यायचं नाही, ते कितीही स्वच्छ दिसू दे.

गढूळ पाणी असेल तर तुरटी फिरवून गाळ बसू द्या, वरचं पाणी चौपदरी फडक्यानं गाळा, मग खळखळून उकळा. उकळायची सोय नसेल तर क्लोरिनच्या गोळ्या. किती पाण्याला किती ते पाकिटावर लिहिलेलं असतं, तसंच घ्या, आणि गोळी टाकल्यावर अर्धा तास थांबा. तुरटीनं पाणी नितळ होतं, शुद्ध होत नाही. केंद्रात कितीतरी बायकांनी मला सांगितलं, "सिस्टर, तुरटी फिरवलीय की." त्यांच्याच पोरांना जुलाब झाले.

ओआरएसची दहा पाकिटं ठेवा, एका पाकिटाला एक लिटर पाणी. संपली तर १ लिटर पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ अंदाजानं जास्त घालू नका, लहान मुलाला ते घातक होतं.

इन्सुलिन. फ्रिज बंद पडला म्हणून ते लगेच वाया जात नाही. वापरात असलेली बाटली किंवा पेन उन्हापासून लांब, गार जागी साधारण चार आठवडे चालतं, तुमच्या पाकिटावर किती दिवस लिहिलेत ते बघून घ्या. घट्ट झाकणाच्या डबीत घालून ती डबी ओल्या वाळूच्या मडक्यात ठेवायची, मडक्यावर ओलं फडकं. बर्फाला चिकटवून ठेवू नका, गोठलं तर ते टाकावंच लागतं. फ्रिजच्या दाराला आतनं एक चिठ्ठी लावा, "निघताना आण्णांचं औषध". घाईत डोकं चालत नाही, चिठ्ठी चालते. आणि औषध नेहमी महिनाभराचं पुढचं घरात ठेवा. पहिली पट्टी संपत आली की दुसरी आणायची, संपल्यावर नाही. डॉक्टरांची चिठ्ठी झेरॉक्स करून ठेवलीत तर या बाजूच्या दुकानातही मिळते, कोल्हापूरला जावं लागत नाही.

साप. पाणी चढलं की साप घराच्या कोरड्या कोपऱ्यात, लाकडांत, गादीच्या घडीत येऊन बसतात. घरी परतल्यावर काठीनं हलवल्याशिवाय काही उचलू नका. मण्यार चावली तर सूज नाही, फारशी आगही नाही, माणूस म्हणतो काही झालं नाही आणि झोपतो. तसं झोपू देऊ नका. कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही. हात किंवा पाय हलू न देता १०८ ला फोन, गाडी येत नसेल तर मिळेल त्या वाहनानं तालुक्याचा सरकारी दवाखाना.

आणखी एक, कोणी बोलत नाही म्हणून मी बोलते. पिशवीत बायका-मुलींसाठी पॅड किंवा स्वच्छ सुती कापडं ठेवा. शंभर माणसांच्या केंद्रात मुली दोन-दोन दिवस कोपऱ्यात बसून होत्या, मागायची लाज वाटते म्हणून.

शेवटचं, जीव तोडून सांगते. धान्यात कीड होऊ नये म्हणून ज्या विषारी गोळ्या टाकतात, ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या, त्या राहत्या घरात ठेवूच नका. ओलाव्यानं त्यांतनं विषारी वायू सुटतो, आणि त्यावर उतारा नाही. पुराचं घर म्हणजे ओलावाच. तुमच्या सासूबाईंचा कडुलिंबाचा पाला आणि कडक ऊन पुरे आहे.

—

माळावरचा (अथणी)

अक्का, आमची तर वेगळीच गंमत झाली नाही, हालच झाले. २०१९ च्या मे महिन्यात कृष्णेचं पात्र कोरडं, पोरं पात्रात क्रिकेट खेळत होती, आम्ही टँकरच्या मागं घागरी घेऊन. आणि त्याच सालच्या ऑगस्टात तीच कृष्णा काठच्या गावांत घुसली. त्यामुळं आमच्या घरात पाण्याची टाकी बारा महिने भरलेली असते, उन्हाळ्यात टंचाईसाठी आणि पावसात गढूळ पाण्यासाठी.

पिशवीत काय घालायचं याला माझं एकच उत्तर: खटक भाकरी. आमची मंडळी कन्नड घरातली, तिच्या माहेराहून ही रीत आली. ज्वारीची भाकरी कागदासारखी पातळ थापायची, तव्यावर भाजून मग निखाऱ्याच्या धगीला पापडासारखी कडक होईपर्यंत ठेवायची. पूर्ण गार झाल्यावर डब्यात. ओल लागली नाही तर महिनाभर जाते. शेंगांची चटणी आणि गूळ बरोबर. चूल नको, गॅस नको, भांडं नको. पंधरा भाकऱ्यांचं वजन काहीच होत नाही. संपली की परत करायची, म्हणजे शिळी होत नाही.

—

संगमाकाठची (निपाणी तालुका)

सगळ्यांना मनापासून नमस्कार. सिस्टर, तुमचं लिहिणं मालकांना आणि सासऱ्यांना वाचून दाखवलं. घरात त्या विषारी गोळ्यांची एक डबी होती, पोरांच्या हाताला येईल अशा फळीवर. ती बाहेर काढली, कृषी केंद्रवाल्याला विचारून तिची सोय लावतो.

आठवडाभरात केलं ते सांगते. भिंतीवर २०१९ च्या पाण्याची रेघ अजून आहे, दोनदा चुना दिला तरी ओल सुटली की तपकिरी वर येते. ती रेघ आजवर मला बघवत नव्हती. परवा तिच्यावरच टेप लावली. छातीच्या वर, साडेचार फूट. माळ्याची फळी त्याहून दोन हात वर आहे, म्हणून तिथं काय ठेवायचं ते बेधडक ठरवता आलं. दोन ड्रम आणले, तुळईला दोर घातला. त्यात तांदूळ, डाळ, मीठ, काडेपेट्या. पाण्याचे तीन जार आणून धुऊन ठेवले.

पिशवी शाळेच्या दप्तराची केली, पाठीवर घेता येते आणि हात मोकळे राहतात. आधार, रेशन कार्ड, पासबुक, शेताचा उतारा, पोरांचे दाखले, सगळ्याच्या झेरॉक्स झिपच्या पिशवीत आणि मूळ कागद दुसऱ्या झिपच्या पिशवीत. घराचे आणि गोठ्याचे आत्ताचे फोटो काढून भावाला पाठवले. मागच्या वेळी पंचनाम्याला आधी काय होतं हे दाखवायला आमच्याकडं काही नव्हतं. दहा-वीस-पन्नासच्या नोटांचे दोन हजार रुपये. टॉर्च, चार्ज केलेली पॉवर बँक, ओआरएस, क्लोरिनच्या गोळ्या, पॅड, साखर उतरली तर सासऱ्यांसाठी ग्लुकोज, शेंगांची चटणी. एका वहीच्या पानावर ११२, १०८, जिल्हा कंट्रोल रूमचा १०७७ आणि जनावरांसाठी १९६२, शिवाय चार पाहुण्यांचे नंबर हातानं लिहिले, कारण मोबाईल बंद पडला की मला माझ्या भावाचाही नंबर आठवत नाही.

पिशवी सासऱ्यांना उचलायला दिली. दारापर्यंत गेले आणि खाली ठेवली. म्हणाले, "जड हाय." मग गुळाची ढेप काढून त्याचे खडे केले, अर्धा किलोच ठेवला. सतरंजी काढली, एक चादर ठेवली. दुसऱ्यांदा गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन आणली त्यांनी.

खटक भाकरी पहिल्या खेपेला जमली नाही, मधे मऊ राहिली. माळावरच्या दादा, वैनींना विचारा, पीठ गरम पाण्यात मळायचं की गार?

आणि कणकुंबीच्या भाऊजी, तुमचं ऐकलं. माझं माहेर तवंदी घाटाच्या अंगाला, उंचावर. मला वाटलं होतं आई म्हणेल, सासरचं धान्य इकडं कशाला. काल मालक ज्वारीची दोन पोती ठेवून आले. आईनं मागच्या खोलीत फळ्या टाकून जागा करून ठेवली होती, आणि पोत्यांवर खडूनं लिहिलं, "आखिती".

उद्या कडब्याच्या पेंढ्या वरच्या माळावर हलवायच्यात. ट्रॉली सकाळी सातला येणार आहे.